कोपरावरचा फुगवटा

माझे काम मुद्रितशोधनाचे. डावे कोपर टेबलावर टेकवून, हनुवटी तळहातावर ठेवून आणि उजव्या हातात पेन्सिल धरून दिवसाचे सात-आठ तास वाचत बसायचे, ही बैठक इतक्या वर्षांत अंगवळणी पडली होती. गेल्या वर्षी एका मोठ्या ग्रंथाची मुद्रिते तपासताना कोपराच्या टोकाशी काहीतरी मऊ लागते आहे असे जाणवले आणि आरशात पाहिले, तर तिथे लिंबाएवढा फुगवटा आलेला होता. बोटाने दाबले की आत पाणी हलल्यासारखे वाटे. दुखत मात्र फारसे नव्हते. सगळ्यांनी संधिवात असेल असे सांगितले आणि मीही आठवडाभर तेच धरून बसले.

डॉक्टरांनी फुगवट्याला हात लावण्याआधी सांधा तपासला. हात पूर्ण सरळ करायला लावला, मग मिटवायला, मग तळहात वर-खाली फिरवायला. हे सगळे विनासायास जमले. अगदी शेवटपर्यंत वाकवताना कातडी ताणली गेली तेवढीच कळ आली. सांध्याच्या आत दाह असता तर प्रत्येक हालचालीला दुखले असते, तेव्हा सूज सांध्याच्या बाहेर, कातडीखालच्या पिशवीत आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या पिशवीला बर्सा म्हणतात आणि तिच्या दाहाला बर्सायटिस.

हाडावरून जिथे कातडी, स्नायू किंवा कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) सतत सरकतात तिथे घर्षण कमी व्हावे म्हणून शरीरात अशा पिशव्या असतात. त्यांची संख्या साधारण दीडशेच्या घरात आहे. निरोगी पिशवी जवळजवळ चपटी असते आणि तिच्यात द्रवाचा जेमतेम एक पातळ थर असतो, त्यामुळे तिच्या दोन भिंती एकमेकींवरून अलगद सरकतात. रोजच्या रोज त्याच जागी दाब पडला, तीच हालचाल पुन्हा पुन्हा होत राहिली किंवा एकदाच जोराचा मार बसला, की आतले अस्तर चिडते, जास्त द्रव स्रवते आणि पिशवी फुगते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात (प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा) आणि गाऊट (युरिक आम्लाचे स्फटिक साचून होणारा) यांमुळेही हे होते, म्हणून वरवर क्षुल्लक वाटणारा फुगवटाही एकदा तपासून घ्यावाच.

जागा बदलली की लक्षणेही बदलतात. फरशी पुसणाऱ्या किंवा लाद्या बसवणाऱ्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीवर सूज येते आणि ती डोळ्यांना दिसते. खांद्यातली पिशवी खोल असल्याने तिथे बाहेरून काहीच दिसत नाही. हात बाजूने वर उचलताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते तेव्हा पूर्वी सरसकट बर्सायटिस म्हणत, पण पुष्कळ रुग्णांत खरे दुखणे तिथल्या स्नायूंच्या कंडरांचे असते आणि अशांना नुसत्या विश्रांतीपेक्षा ते स्नायू हळूहळू बळकट करणाऱ्या व्यायामाचा अधिक उपयोग होतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे. कोपर आणि गुडघा यांच्या पिशव्या कातडीला लागून असल्याने साध्या खरचटण्यातूनही जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकोकस ऑरियस असतात. फुगवटा लालबुंद आणि गरम झाला, स्पर्शही सहन होईना, अंगात ताप भरला, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. अशा वेळी सुईने द्रव काढून तपासायला पाठवतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात. माझ्या बाबतीत यातले एकही लक्षण नव्हते, म्हणून डॉक्टरांनी सुई घातली नाही. पाणी काढून टाका असा मी आग्रह धरला होता, पण दाब कायम राहिला तर ते पुन्हा भरते आणि सुईबरोबर जंतू आत जाण्याचा धोका उगाच ओढवतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

उपचार साधे होते, तरी धीर पुष्कळ लागला. पहिले काही दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटे. रात्री सैलसर पट्टी. आणि कोपर कुठेही टेकवायचे नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात, पण ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा जठरातील व्रणाचा त्रास आहे, किंवा जे रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. स्टेरॉइडचे इंजेक्शन हा पुढचा पर्याय. संसर्ग नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देत नाहीत, आणि मधुमेही माणसाची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते. खांद्याच्या बाबतीत आणखी एक सांगते: दुखते म्हणून हात आठवडेच्या आठवडे गळ्यात बांधून ठेवला तर सांधा आखडतो, म्हणून सोसेल तेवढी हालचाल चालू ठेवावी.

मला खरे अवघड गेले ते सवय मोडणे. दोन दिवस बर्फ लावून तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कोपर टेकवून बसलेली असे आणि फुगवटा होता तेवढाच राही. तेव्हा कुठे माझ्या सदऱ्यांकडे लक्ष गेले: प्रत्येकाची डावी बाही कोपरापाशी विरून जाळीदार झालेली, उजवी मात्र जशीच्या तशी. मग तिरपा वाचनफलक आणला, त्यामुळे मान झुकेना आणि हनुवटीला आधाराची गरज उरली नाही. टेबलाच्या कडेला जाड स्पंजची पट्टीही लावली. त्यानंतर सूज ओसरायला सहा आठवडे लागले. आता कातडी पुन्हा सैल पडली आहे, पण बोट फिरवले की आत तांदळाच्या कण्यांसारखे दोन-तीन बारीक गोळे अजून हाताला लागतात. दाहानंतर अस्तराचे असे जाड झालेले भाग मागे राहू शकतात आणि दुखत नसतील तर त्यांना काही करावे लागत नाही, असे डॉक्टर म्हणाले.