बोलती बंद, डोळे उघडे

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं गेलं. वर्गातल्या खोड्या आणि मधल्या सुट्टीचे डबे इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी माझ्या विषयातलंच काही देतो: एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कथा-कादंबऱ्यांत गप्प राहणं कसं रचलं जातं. ‘गप्प बसा’ हे वाक्य शाळेत सर्वांनीच ऐकलंय. त्यातून नाट्य कसं काढायचं ते या मंडळींकडून शिकावं.

न बोलणारं पात्र तिथे रंगभूमीवर आधीच रुळलं होतं. १८०० साली पॅरिसमध्ये आलेल्या नाटककार पिक्सेरेकूरच्या ‘सेलिना’ या मेलोड्रामात, म्हणजे भडक भावनाट्यात, फ्रांसिस्क हा मुका माणूस आहे. खलनायकाच्या हल्ल्यातच त्याची वाचा गेलेली असते. सगळं ठाऊक, पण सांगता येत नाही. कादंबरीकारांनी ही कळ उचलली आणि तिला आणखी दाते लावले.

द्यूमाच्या ‘माँते क्रिस्तोचा काउंट’मधला (१८४४–४६) म्हातारा न्वार्तिए पक्षाघाताने खिळलेला आहे. शाबूत आहेत फक्त नजर आणि कान. संकेत ठरलेले: डोळे मिटले की ‘हो’, भराभर उघडझाप केली की ‘नाही’, वर पाहिलं की ‘मला काही हवंय’. उजवा डोळा मिटला की नात व्हालांतीनला बोलवायचं, डावा मिटला की नोकर बारुआला. त्याला काय हवंय हे कळलं नाही, तर नात मुळाक्षरं म्हणत जाते, तो अडवेल तिथे थांबते, मग शब्दकोश उघडून रकान्यावरून बोट खाली नेते. मृत्युपत्राच्या प्रसंगी नोटरी संपत्तीचा आकडा चढवत चढवत नऊ लाख फ्रँकवर येतो, तेव्हा म्हातारा ‘हो’ म्हणतो. इथली कारागिरी बघा. संकेतांचा नियम आधी सांगून ठेवलाय, पेच नंतर येतो. हेच उलटं केलं असतं तर प्रत्येक उघडझाप लेखकाच्या सोयीची वाटली असती. शिवाय ही लांबलचक रीत एकदा नीट दाखवली की पुढे द्यूमा तिला आखडती घेतो. कादंबरी वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. दरवेळी पूर्ण बाराखडी कोण वाचणार?

झोलाने १८६७च्या ‘तेरेज राकँ’मध्ये ही वाटसुद्धा जवळजवळ बुजवून टाकली. मुलाचा खून सून तेरेज आणि तिचा प्रियकर लोराँ यांनी केला, हे राकँबाईंना कळतं ते वाचा आणि हातपाय गेल्यावर, त्या दोघांच्याच तोंडून. आणि तेच दोघे त्यांची देखभाल करतात! गुरुवारी पाहुणे डॉमिनो खेळायला जमतात. एका गुरुवारी बाई सगळा जीव एकवटून टेबलावरच्या मेणकापडावर बोटाने अक्षरं काढतात: ‘तेरेज आणि लोराँ यांनी...’ आणि हात निर्जीव होऊन पडतो. बाईंच्या मनातलं आपल्याला नेमकं कळतं असं मानणारा एक पाहुणा, ग्रिवे, वाक्य पुरं करून टाकतो: ते दोघं माझी छान काळजी घेतात! मौन इथे कोणी लादत नाही, ऐकणाऱ्याचा आगाऊपणाच ते पुरं करतो. माझ्या मते सबंध कादंबरीतली ही सर्वांत क्रूर जागा आहे, खुनापेक्षाही. शेवटी दोघं विष घेऊन मरतात आणि बाई त्या प्रेतांकडे सुमारे बारा तास नुसत्या बघत राहतात. १८७३ साली झोलाने याचंच नाटक केलं, त्यात मात्र त्यांना शेवटी वाचा परत दिली. मला तो बदल पटत नाही. वाफ बाहेर पडली की भांड्यातला दाब संपतो.

बाल्झाकच्या ‘ला ग्रांद ब्रेतेश’मध्ये वाचा गेलेली नाही, शपथ आड येते. कपाटवजा खोलीत कोणी नाही, असं मर्रेबाई क्रूसावर हात ठेवून सांगतात. नवरा दार उघडतच नाही. गवंडी बोलावून ते विटांनी चिणून घेतो. मध्येच गवंडी दाराची एक काच फोडतो आणि आतला काळासावळा चेहरा क्षणभर दिसतो. पुढचे वीस दिवस नवरा त्या दाराबाहेर, बाईंच्या शयनगृहातच ठाण मांडतो. आतून आवाज आला आणि बाई विनवू लागल्या की एकच उत्तर: तिथे कोणी नाही, अशी शपथ तुम्हीच घेतलीय. ती काच फुटली नसती, तर आत माणूस आहे की नाही याच शंकेत वाचक अडकला असता आणि शपथेचा फास आवळलाच नसता. वाचकाला पात्रांइतकं तरी ठाऊक हवं. नाहीतर मौन म्हणजे नुसतं कोडं.

पण हा नियम मोपासाँने १८८३च्या ‘दोन मित्र’मध्ये मोडला. पॅरिसला वेढा पडलाय, मासे धरायला गेलेले दोन साधे नागरिक प्रशियन सैन्याच्या हाती लागतात. परतीचा परवलीचा शब्द सांगा, पाच मिनिटं देतो, असं अधिकारी बजावतो. मग एकेकाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, दुसऱ्याला कळणारसुद्धा नाही. दोघंही गप्प. त्यांच्या मनात काय चाललंय यावर मोपासाँ एक ओळही खर्च करत नाही, तो शब्द कोणता तेही आपल्याला कळत नाही. गोळ्या झाडल्या जातात, प्रेतं नदीत जातात. अधिकाऱ्याला जाळीतले मासे दिसतात. जिवंत आहेत तोवरच तळून आण, असं तो आचाऱ्याला सांगतो आणि पुन्हा पाइप ओढू लागतो.