बोडका डोंगर, म्हसोबाचा माळ

अथणी तालुक्यातल्या आमच्या गावात प्रत्येक रानाला नाव आहे. ओढ्याकाठ, वडाची पट्टी, इनामाचं रान, म्हसोबाचा माळ. उताऱ्यावर नुसता सर्व्हे नंबर असतो, पण घरात कुणी नंबराने बोलत नाही. "अप्पा कुठं गेल्यात?" "म्हसोबाच्या माळाला." एवढं पुरतं.

गेली चार वर्षं मी फ्रान्समध्ये दिजाँला राहते. इथून दक्षिणेकडे बोन गावापर्यंत आणि त्याच्याही पुढे द्राक्षांचा एक लांबलचक उतार आहे, त्याला कोत-दोर म्हणतात. या उतारावरही प्रत्येक रानाला नाव आहे, हे कळलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. इथे रानाला 'क्लिमा' म्हणतात. अशी १२४७ रानं मोजून, बांध ठरवून, नावानिशी नोंदलेली आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. नावं तर अशी, की आमच्या गावात कुणीही ठेवली असती. 'पेरिएर' म्हणजे दगडाची खाण होती ते रान. 'क्लो दे मूश' म्हणजे मधमाश्यांचं कुंपण. आणि जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पांढऱ्या वाइनपैकी एक ज्या जेमतेम आठ हेक्टरांत होते, त्या 'मोंराशे'चा अर्थ बोडका डोंगर.

आधी एक सांगते. अप्पा माळकरी आहेत. मी इथे वाइन चाखते हे त्यांच्यापासून लपवलेलं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझं तू बघ. मला रानाचं सांग." म्हणून हे सगळं रानाचंच आहे.

दरवर्षी सप्टेंबरात मी रजा टाकून एका छोट्या बागायतदाराकडे तोडणीला जाते. नवरा-बायको आणि एक गडी, एवढंच मनुष्यबळ. बाग सहा हेक्टर, पण ती चार गावांत वीस-बावीस पट्ट्यांत विखुरलेली, कारण पिढ्यान्‌पिढ्या मुलांमध्ये सारख्या वाटण्या होत आल्या. हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक मणी चिरडला, काचेवर थेंब टाकला आणि उजेडाकडे तोंड करून डोळा बारीक केला. गावाकडे आमच्या द्राक्षबागेत अप्पा बेदाण्याचा माल धरायच्या आधी अगदी असंच उभे राहतात, डावा खांदा किंचित वर करून.

त्या रात्री फोन केला. अप्पांचा पहिला प्रश्न: "एकरी झाडं किती?"

"चार हजार."

"चार हजार? मग वारं शिरतंय कुठनं?"

आमची लागण नऊ बाय पाचाची, एकरी साडेनऊशे-हजार झाडं, मांडवावर चढवलेली. इथे हेक्टरी सुमारे दहा हजार वेली, त्याही बुटक्या. ट्रॅक्टर उंच पायांचा, ओळ पोटाखाली घेऊन चालणारा. काही जण अजून घोड्यानेच नांगरतात, हे ऐकून अप्पा खूश झाले. किती पिकवायचं यावरही कायद्याचा लगाम आहे. गावाच्या नावाने विकायच्या लाल वाइनला साधारण हेक्टरी चार हजार लिटर. म्हणजे एका वेलीमागे चारशे मिली, अर्ध्या बाटलीहून थोडी जास्त. त्याहून जास्त पिकवलं तर ते नाव लावता येत नाही. अप्पा म्हणाले, "मग पोट कसं भरतंय?" उत्तर सोपं आहे: नावावर भरतंय.

दुसरा प्रश्न त्यांनी माझ्या पाठवलेल्या फोटोवरून विचारला. तोडलेल्या ओळीतलं ढेकूळ हातावर घेऊन मी फोटो काढला होता. पांढरट, खड्यांचं. "ही तर चुनखडी. हितं वेल पिवळी पडत न्हाई?"

मालकीणबाईंना विचारलं आणि त्यातून जे कळलं, ते मी आजवर दहा जणांना सांगितलं असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करण्याचा. पण ते खुंट चुनखडीत तग धरेनात, पानं पिवळी पडायची. म्हणून १८८७ मध्ये पिएर व्हियाला नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेला गेले. टेक्ससमध्ये टी. व्ही. मन्सन नावाच्या रोपवाटिकावाल्याने त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या. आज या उतारावरचे बरेच खुंट त्या रानवेलींच्या वंशातले आहेत. फ्रान्सने १८८८ मध्ये मन्सनचा कृषी सन्मान देऊन गौरव केला. आणि आमच्या म्हसोबाच्या माळावर, खाऱ्या पाण्यात, पाऊस चुकला तरी जिवंत राहतो तो डॉगरिज खुंट? तोही टेक्ससचाच, मन्सननेच निवडलेला.

हे सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "म्हंजे मूळ एकच."

आता तळघरातली गोष्ट. डिसेंबरात बोलावणं आलं. खाली उतरलं की ओल, लाकूड आणि किंचित आंबूस असा वास. २२८ लिटरची ओक लाकडाची पिंपं ओळीने निजवलेली. मालकांनी काचेच्या लांब नळीने दोन पिंपांतून थोडी थोडी वाइन माझ्या पेल्यात घातली. द्राक्ष एकच, पिनो न्वार. तोडणी एकाच आठवड्यातली, आंबवणं हवेतल्या आणि सालीवरच्या यीस्टनेच, पिंपंही सारखीच. फरक एवढाच, की एक रान वर, झाडीखाली, वितभर मातीनंतर दगड लागणारं. दुसरं खाली, रस्त्याला लागून, चिकण मातीचं. दोन्हींत दोन-तीनशे पावलांचं अंतर.

खालच्या रानाची वाइन जांभळासारखी, भरलेली, जीभ थोडी धरणारी. वरच्या रानाची आधी पातळ वाटली, चुणचुणीत आंबट. तोंडातली थुंकून टाकली आणि तेव्हा कुठे मागून चव आली, आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते तशी. मी पुन्हा एकदा आलटून पालटून घेतली. दोन रानं माझ्या तोंडात वेगवेगळी उभी राहिली. मला रडू आलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

दगडाची चव मुळातून चढून घडात येते असं मात्र नाही. दगडाळ रानात पाणी ठरत नाही, मूळ खोल जातं, मणी बारीक राहतो, साल जाड होते. चिकणीत पाणी थांबतं, मणी फुगतो. उतार सूर्याकडे किती कलला आहे, थंड हवा रात्री कुठे साचते, हेही त्यात आलं. याला ते 'तेरुआर' म्हणतात. अप्पा 'रानाचा गुण' म्हणतात. मला दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे वाटतात.

असा माल करणारे छोटे लोक फ्रान्सबाहेरही आहेत आणि बोनला जाता-येता त्यातले काही भेटतात. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या इतक्या खड्या चढावर रीसलिंग लावतात, की काही ठिकाणी माणसांना आणि मालाला वर न्यायला एकरुळी गाडी लागते. जॉर्जिया देशात मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मधमाशीचं मेण फिरवतात आणि पांढरी द्राक्षं सालीसकट त्यात आंबवतात. वाइन मधाच्या रंगाची होते. तिथल्या एकाने रांजण पुरल्याचा फोटो दाखवला तेव्हा मला आजीच्या तोंडून ऐकलेली धान्याची पेवं आठवली.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. बोनच्या आसपास पूर्वी बहुतेक माल व्यापारी घ्यायचे. पाच जणांची वाइन एकत्र ओतायची आणि चांगल्या गावाचं नाव लावून विकायची. १९२० च्या आसपास आणि पुढच्या दशकात वोल्नेचे मार्की दांजरव्हील, न्वी-सँ-जॉर्जचे हेन्री गूज अशा काही बागायतदारांनी त्याविरुद्ध उघड भांडण मांडलं. व्यापाऱ्यांनी त्यांचा माल घेणं सोडलं, तर त्यांनी आपल्याच घरी बाटल्या भरल्या, आपल्या रानाचं नाव लावून. १९३५ मध्ये नावाला संरक्षण देणारा कायदाही झाला.

आमचा बेदाणा तासगावच्या सौद्याला जातो. चार किलो द्राक्षाचा एक किलो होतो, मग ताटलीत ओततात, रंग बघतात, मण्याची लांबी बघतात, भाव निघतो. माळाचा आणि ओढ्याकाठचा एकाच बॉक्समध्ये. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं, संकेश्वरी मिरचीचं तरी गावाचं नाव टिकलंय. रानाचं नाव मात्र बांधावरच राहतं. अप्पांना चाखून कळतं कुठला कुठला ते. विकत घेणाऱ्याला ते कळण्याची सोयच आपण ठेवलेली नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे चाळीस अंशांत खरड छाटणी चालू असते. त्याच एप्रिलमध्ये इथे कोवळे कोंब हिमकडाक्याने जळू नयेत म्हणून रात्री ओळीओळींत मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. २०२१ चा एप्रिल तर फार वाईट गेला. यंदा अशाच एका रात्री मी मदतीला गेले होते. पहाटे पाचला सगळा उतार दिव्यांनी भरलेला. व्हिडिओ कॉल लावला. अप्पा छाटणीच्या कात्रीसकट बांधावर बसून बघत होते. तेव्हाच मी मागणं घातलं: या खेपेचा माळाचा आणि ओढ्याकाठचा बेदाणा पाच-पाच किलो वेगळा ठेवा.

मे महिन्यात चुलतभाऊ आला तेव्हा दोन पिशव्या घेऊन आला. वर अप्पांच्या अक्षरात निळ्या पेनाने लिहिलेलं: 'म्हसोबाचा माळ', 'ओढ्याकाठ'. मी त्या तशाच मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवल्या, नावं वाचून दाखवली नाहीत. त्यांनी ओढ्याकाठचे दोन खाल्ले. माळाचे खाल्ले, बारीक, काळसर, दाताला लागणारे. परत घेतले, मग आणखी. आणि माळाच्या पिशवीवर बोट ठेवून विचारलं, "इथे दगड किती खोलीवर लागतो?"

मी तिथूनच फोन लावला. अप्पा म्हणाले, "दीड फुटावर. वरच्या कोपऱ्यात एकावर."