जिताड्यासाठी फ्लाय बांधताना

काल रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याच्या कडेला व्हाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा, आवळला आणि तीन फ्लाय बांधले. फ्लाय म्हणजे गळावर केस आणि दोरा बांधून केलेलं नकली आमिष. परवा अष्टमी. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, बेलापूरच्या खाडीतला गाळ जरा खाली बसतो. फ्लायला वास नाही, चव नाही. जिताडा माशाला तो दिसायला तरी हवा.

मी बांधते तो क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमारास नदीतल्या बास माशांसाठी तो बनवला, आणि आता खाऱ्या पाण्यातले मोठाले मासेही त्यावर धरतात. त्याची सगळी करामत डोळ्यांत आहे. हे डोळे म्हणजे शिशाचे जोडमणी. ते गळाच्या दांडीवर, वरच्या अंगाला बांधायचे. त्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक आभाळाकडे. दिवाळे गावाच्या बाजूला दगडांवर कालवं माजलेली आहेत. साधा गळ तिथे पहिल्याच ओढीला अडकतो, हा बहुतेक वेळा सुटून येतो.

गळ २/० नंबरचा, स्टेनलेसचा. दांडीवर मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याचे वेढे द्यायचे, मग नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर डोळे ठेवून फुलीसारखे आडवेतिडवे वेढे, आणि शेवटी डोळ्यांच्या बुडाशी गोल गोल आवळून सुपरग्लूचा एक थेंब. हा थेंब विसरू नका. गेल्या वर्षी मी विसरले. एका जिताड्याने हिसका देऊन सोडलं, डोळे फिरले, आणि त्यानंतर फ्लाय आडवा पडून गरगरत येत होता. त्या दिवशी पुन्हा काही लागलं नाही.

मूळ कृतीत हरणाच्या शेपटीचे केस आहेत. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, त्या वाटेला जायचंच नाही. मी मटणवाल्याकडून बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस आणते. त्यातले निम्मे व्हिनेगर आणि खायचा रंग घातलेल्या गरम पाण्यात ठेवले की छान पोपटी होतात. आधी डोळ्यांच्या बाजूने पांढरे केस बांधायचे, मग गळ उलटा करून चमकीचे चार धागे, त्यावर पोपटी. लांबी गळाच्या अडीच पट.

पण किती केस? माझा पहिला फ्लाय कुंचल्यासारखा जाड झाला होता. बाबा दिवाळ्याच्या बंदरावर जिवंत कोलंबी लावून गरवत आलेले. त्यांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. "यवरं केस कशाला गो? पानी शिरंल कुठून?" आणि चिमटीने निम्मे उपटून टाकले.

तेव्हापासून प्रत्येक फ्लाय बादलीत ओढून बघते. ओढला की केस मिटून बोटभर बारीक मासा होतो. थांबला की डोक्यावर खाली जातो आणि शेपटी हळूच फुलते. बोईट माशाचं पिल्लू चिखलात तोंड खुपसतं ना, अगदी तसाच. भरगच्च केसांचा फ्लाय असा झुकतच नाही.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकते. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा लागला तर ती बहुधा अंड्यांची मादी. तिला नीट परत सोडता आलं पाहिजे. गल्फड्याच्या झाकणाची धार ब्लेडसारखी असते, म्हणून दोरीच्या शेवटी जाड नायलॉनचा तुकडा हवाच.

तिसऱ्या फ्लायच्या डोक्याला नेलपॉलिशचा दुसरा हात द्यायचा राहिलाय. तो आज रात्री.