अण्णांचे दोन तास

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे गिअर, बुश, शाफ्ट आणि जे मिळेल ते जॉबवर्क. माणसं १४. आयटीआयचं पोरगं सर्टिफिकेट हातात पडलं की पुण्याची गाडी धरतं, त्यामुळे टर्नर, म्हणजे लेथ या कातकामाच्या यंत्रावरचा कारागीर, मिळणं मुश्कील झालं होतं. म्हणून २०२२ साली मी पहिल्यांदा शिकाऊ उमेदवार घेतला.

मला ते बंधनकारक नव्हतं. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ माणसं असणाऱ्यांची मर्जी. सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर करार झाला. विद्यावेतनातला २५ टक्के वाटा केंद्र सरकारचा, पण जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये. तेव्हा सगळी रक्कम आधी मी द्यायची आणि सरकारचा वाटा मागाहून मला मिळायचा. २०२३ पासून तो थेट मुलाच्या खात्यात जातो. हा बदल मला मनापासून पटला.

तीन आठवड्यांनी लक्षात आलं, पोरगं नुसता लोखंडाचा कीस झाडतंय आणि मशिनला तेल घालतंय. लेथला हात नाही. ज्या अण्णांकडे त्याला सोपवलं होतं, त्यांच्यावर मी चिडलो. अण्णा आमचे सगळ्यात जुने टर्नर, नगावर पैसे घेतात. त्यांनी डबा बाजूला सारला आणि शांतपणे म्हणाले, "मालक, शिकवतो की. पण पोरगं लेथवर उभारलं की माझे नग बुडतात. ते कोण भरणार?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. दिवसाचे दोन तास शिकवण्यात गेले तर अण्णांचे सात-आठ नग जातात. महिन्याचा आकडा सरकारच्या १,५०० च्या कितीतरी वर गेला. म्हणजे इतके दिवस मी पोराच्या शिक्षणाचा खर्च अण्णांच्या खिशातून करायला निघालो होतो. याची मला आजही खंत आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ९ ते ११ अण्णांचे नग मोजायचे नाहीत असं ठरवलं. त्यांच्या सरासरीने त्या दोन तासांचे पैसे द्यायचे. हजेरीच्या रजिस्टरमध्ये 'शिकवणी' असा नवा रकाना आखला. मग अण्णा वेगळेच दिसले. टूलला धार लावताना ते पोराचा हात धरायचे. कीस निळा पडायला लागला की टूल तापतंय, हे दाखवायचे. डोळे मिटून मशिनचा आवाज ऐकायला लावायचे. जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत पोरगं बुश एकट्याने काढत होतं, मायक्रोमीटरला बरोबर उतरणारं.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा अण्णांना ओळखत नाही असं नाही. मालकाला स्वतःला तो ट्रेड येत नसेल तर पात्रता असलेला माणूस प्रशिक्षणावर नेमा, असं त्यात आहे. पण पैशाचा विषय निघाला की सगळं फक्त विद्यावेतनापाशी थांबतं. २०२४ ला आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर आयटीआयवाल्याला ८,००० रुपये सरकारच देतं. चांगलं आहे, घरी पैसे जातात. पण त्यातही शिकवणाऱ्याच्या तासांचं काही नाही. जर्मनीत कारखान्यात शिकवणाऱ्याला वेगळी परीक्षा द्यावी लागते, म्हणजे तिथे शिकवणं हेही एक काम धरलेलं आहे.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपसारख्या मोठ्या ठिकाणची गोष्ट वेगळी. आमच्या शेडमध्ये माल काढणारा आणि शिकवणारा एकच. सरकारच्या वाट्यातले थोडे पैसे या तासांसाठी धरले, तर लहान मालक कागदावर नव्हे, खरंच शिकवतील. उद्योजकांच्या बैठकीत मी हे दोनदा बोललो आहे, पुढच्या वेळीही बोलणार.

ते पोरगं परीक्षा पास होऊन चिंचोळी एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात गेलं. राहायची सक्ती त्याच्यावर नव्हती, ठेवून घ्यायची माझ्यावरही नव्हती. वाईट वाटलं. सणाला अण्णांच्या घरी येऊन जातं.

पुढच्या महिन्यात एक मुलगी येते आहे, आमच्या शेडमधली पहिली. तिच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह बांधायला घेतलंय. अण्णांनी छोटा लेथ सकाळी रिकामा मागितला, म्हणून शाफ्टची एक ऑर्डर मी आठ दिवस पुढे ढकलली.