सर्वांना उद्देशून

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. रात्रीचे सव्वाअकरा.

सिंकचं काम आज मार्गी लागलं. शुक्रवारपासून डोक्यात बसलं होतं, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते.

शुक्रवारी रात्री भांडी घासताना पाणी खाली उतरेना. जाळी काढली, जाळीखालचं वाटीसारखं उपडं झाकण फिरवून वर घेतलं, तर हाताला पांढरट, मेणासारखा थर लागला. वास घेतला आणि कळलं. तळणीचं तेल. गुरुवारी आपली भाऊबीज झाली, त्याच दिवशी नेपाळ्यांची भाईटीका. खालच्या खोलीतल्या नेपाळी मुलानं सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोल कडी, तळली होती आणि दोन सेलरोट्या बशीत घालून माझ्या दाराशी ठेवल्या होत्या. मी आनंदानं खाल्ल्या. कढईतलं उरलेलं तेल तू कुठं ओतलंस, हे त्याला तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

तोक्योतल्या या शेअर हाऊसमध्ये, म्हणजे सामायिक घरात, आम्ही सात जण राहतो. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, वॉशिंग मशीन एक. आणि एक न बोललेली रीत: ज्याला अडचण दिसेल त्यानं कागद लिहून फ्रिजवर लावायचा. वर ‘मिनासामा ए’, म्हणजे ‘सर्वांना’. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, ज्याच्यासाठी लिहिलंय त्याचंही नाही. या वेळी अडचण मला दिसली होती, म्हणजे कागद मी लिहायचा.

शनिवारी दुपारी लिहायला बसले. जपानी वाक्यं नीट जमावीत म्हणून नमुन्याला जुनी चिठ्ठी शोधली. या वहीच्या मागच्या खिशात ती दीड वर्षाहून जास्त पडून आहे. ती माझ्यासाठी लिहिलेली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी इथं राहायला आले. आईनं सांगलीहून हिंगाची डबी दिली होती, ती मी फ्रिजमध्ये माझ्या कप्प्यात ठेवली. आठवड्याभरात फ्रिजवर कागद आला: मसाल्यांचे डबे घट्ट बंद करून ठेवावेत, वास इतरांच्या पदार्थांना लागतो, सर्वांनी कृपया सहकार्य करावं. घरात मसाले वापरणारी मी एकटी. सगळ्यांदेखत मला टोचलंय असं वाटलं. लेकी बोले सुने लागे, हे आपण ऐकत आलेलो, त्यामुळं ‘सर्वांना’ या शब्दात मला टोमणाच ऐकू आला. डबी खोलीत आणली, काचेच्या बरणीत घातली, बरणी स्टीलच्या डब्यात. चिठ्ठी काढून वहीत ठेवली आणि जवळपास तीन महिने स्वयंपाकघरात कुणी नसेल तेव्हाच जात राहिले. रात्री साडेदहाला मुगाची खिचडी, तीही फोडणीशिवाय.

काल ती चिठ्ठी उजेडात धरली, तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. प्रत्येक कांजी, म्हणजे चिनीवरून आलेल्या अवघड अक्षराच्या डोक्यावर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार दाखवणारी सोपी अक्षरं, लिहिलेले आहेत. त्याला फुरिगाना म्हणतात. लहान मुलांच्या पुस्तकांत आणि परदेशी लोकांसाठीच्या कागदांवर असतात. तेव्हा घरात बाकी सगळे जपानी होते. त्यांच्यापैकी कुणालाही ‘वास’ किंवा ‘सहकार्य’ वाचायला फुरिगाना लागत नाहीत. म्हणजे कुणीतरी निमुळत्या पेन्सिलीनं, एकेका अक्षरावर, मला वाचता यावं म्हणून ते घातले होते. नाव मात्र घातलं नव्हतं. तेव्हा मला ते भेकडपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, मला तोंड लपवायची वेळ येऊ नये म्हणून ते गाळलं होतं.

अक्षर वरच्या मजल्यावरच्या बाईंचं आहे, हे आता ओळखू येतं. त्या साठीच्या आसपास असतील. मी मनात त्यांना काकू म्हणते, तोंडावर आडनाव आणि ‘सान’, म्हणजे आपलं ‘जी’. फुरिगानाबद्दल त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या अवघडून गेल्या असत्या.

मावसबहीण एप्रिलमध्ये तोक्योला शिकायला येतेय. आठवडाभर तिचे प्रश्न येतायत. ताई, एकटीनं फ्लॅट घेऊ की शेअर हाऊस? तिला सकाळी लांबलचक उत्तर पाठवलं, त्यातलं थोडं इथंही राहू दे.

स्वतंत्र फ्लॅटला पहिल्याच दिवशी पैसा लागतो. शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम, एजंटची फी, हमीदार कंपनीची फी, पहिल्या महिन्याचं भाडं. सगळं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकं सहज होतं. शिवाय परदेशी म्हटल्यावर काही मालक नाहीच म्हणतात. इथल्या न्याय मंत्रालयानं २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ३९ टक्के जणांनी परदेशी असल्यामुळं नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. मलाही दोन ठिकाणी फोनवरच नाही म्हणाले होते. शेअर हाऊसला मी तीस हजार येन अनामत भरली आणि बॅग घेऊन आले. भाडं ४८ हजार, वर १२ हजार सामायिक खर्चाचे, त्यात वीज-पाणी-गॅस-इंटरनेट सगळं. करार मात्र मुदतीचा आहे, दर सहा महिन्यांनी नव्यानं करायचा. मुदत संपली की तो आपोआप पुढं चालू राहत नाही, हे सही करायच्या आधी समजून घे, असं तिला ठासून लिहिलं.

आणि या पत्त्यावर रहिवासी नोंद करता येईल का, हे आधी विचारायचं. राहायला आल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो; तो रेसिडेन्स कार्डाच्या मागं छापून मिळतो आणि आरोग्य विमा, बँक, फोन सगळं त्यावर चालतं. काही शेअर हाऊसवाले नोंद करू देत नाहीत. तसलं घर स्वस्त असलं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टपालपेटीवर काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, नाव लावायचं, नाहीतर पत्र परत जाऊ शकतं. माझं पहिलं बँक कार्ड असंच परत गेलं होतं.

मिक्सर आणू का, असंही विचारलं होतं तिनं. नको म्हटलं. इथं वीज १०० व्होल्ट, आपला मिक्सर नुसता कण्हतो. चटणीसाठी लहान खलबत्ता आण.

कचऱ्याचं पान वेगळंच लिहावं लागलं. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद आठवड्यातून एकदा. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक. त्या-त्या दिवशी सकाळी आठच्या आत, कावळ्यांसाठीच्या जाळीखाली सारून ठेवायची. पेट बाटली धुवायची, टोपण आणि लेबल काढायचं. कुठलीही एक बाजू ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी असली की ती वस्तू मोठ्या कचऱ्यात जाते: आधी नोंद करायची, मग कोंबिनीतून, म्हणजे छोट्या जनरल स्टोअरमधून, दोनशे-तीनशे येनांची तिकिटं आणून चिकटवायची. चुकलं तर पिशवीवर स्टिकर लावून ती तिथंच सोडून जातात. ती रस्त्यावर दिवसभर पडलेली पिशवी सगळ्या घराची लाज होते, एकट्याची नाही. सामायिक घरात शेजाऱ्यांसाठी आपण सात जण नसतो, एकच घर असतो.

एवढं सगळं लिहून झाल्यावर वाटलं, खरा प्रश्न तिनं विचारलेलाच नाही. आपल्यामुळं कुणाला त्रास झाला, हे इथं कळणार कसं? आपल्याकडं होस्टेलवर मुली भांडतात, दार आपटतात, रात्री एकत्र चहा पितात. इथं आवाज चढत नाही. चढत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं नसतं.

शनिवारी मी तीन कागद फाडले. पहिला फार कडक झाला. दुसऱ्यात एवढ्या विनवण्या झाल्या की मुद्दा कुठं आहे तेच कळेना. तिसरा बरा जमला, फुरिगानाही घातले. मग हातात टेप घेऊन फ्रिजपुढं उभी राहिले आणि लक्षात आलं, हा कागद ज्याच्यासाठी आहे त्याला जपानात येऊन सहाच महिने झालेत. त्याला अक्षरं जुळवता येतील, पण ‘सर्वांना’ म्हणजे ‘तुला’, हे कोण सांगणार? मला ते कळलं होतं आणि चुकीचं कळलं होतं. त्याला कळणारच नाही. आणि आमच्या दोघांत हिंदी आहे. बोलता येत असताना कागद चिकटवणं माझ्या मनाला पटेना.

तो भाषाशाळेत शिकतो. विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासच काम करायची मुभा असते, त्यानं ते तास बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात रात्रपाळीला घातलेत. आज सकाळी सातला परतला, तेव्हा मी चहा टाकून बसले होते. मुद्दामच, तेव्हा स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसतं. सेलरोटी छान झाली होती म्हटलं, मग तेलाचं विचारलं.

“सिंकमध्ये, दिदी. गरम पाणी ओतलं वरून.”

मग सांगितलं. गरम पाण्यानं ते पुढं सरकतं आणि गार झालं की थिजतं. त्याचा चेहरा उतरला. उठून लगेच सिंककडं गेला, बाही वर करायला लागला. मी साफ केलंय म्हटल्यावर तर त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी काकूंचं म्हणणं मला पुरतं समजलं. समोरासमोर सांगितलं की माणूस असा उघडा पडतो. कागदानं तो पडत नाही. माझी पद्धत चांगली आणि त्यांची वाईट, असं मला म्हणवत नाही.

पण मग तो बोलला. “फ्रिजवर एवढे कागद असतात, मला वाटायचं घराच्या कंपनीचे आहेत. मी कधी वाचलेच नाहीत.” आणि थोडं थांबून, “मी आत आलो की लोक निघून जातात. मला वाटलं त्यांना मी आवडत नाही.” जागा अरुंद आहे, तुला मोकळेपणानं करता यावं म्हणून सरकतात, असं मी सांगितलं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं आहे. मग आम्ही एकेक कागद वाचला. मशीन रात्री दहा ते सकाळी सात बंद, हा त्याच्यासाठीचा होता. तो कामावर निघण्याआधी रात्री उशिरा कपडे लावतो. मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावू नये, ब्रेकर पडतो, हा सगळ्यांसाठीचा. न्हाणीघरात टबाबाहेर बसून, अंग धुऊन मगच टबात उतरावं, कारण ते पाणी पुढचा माणूस वापरतो. तो म्हणाला, मी टबात उतरतच नाही, बादलीनं अंघोळ करतो. मीही, म्हटलं.

एक जुना कागद दाराच्या आतल्या बाजूला आहे, तोही वाचून दाखवला. एदोगावा वॉर्डाचा, म्हणजे तोक्योतल्या आमच्या भागाचा, पुराचा नकाशा. वॉर्डातली सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि २०१९ साली वॉर्डानं काढलेल्या या नकाशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की मोठ्या पुराच्या वेळी इथं थांबू नका. त्याची खोली तळमजल्यावर. कुठं जायचं, कुठल्या रस्त्यानं, ते मोबाइलमध्ये खूण करून दिलं. हे त्याला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तो झोपून उठल्यावर आम्ही बटाट्याची भजी केली. काकू खाली आल्या, त्यानं उभं राहून वाकून ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हटलं. कशासाठी ते त्यांना कळलं असावं. त्या ‘दाइजोबु’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, म्हणाल्या, आणि आपल्या कप्प्यातून तेल गोठवायच्या पावडरचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. शंभर येनांच्या दुकानात मिळतं ते. गॅस बंद करून, तेल कडकडीत असतानाच पावडर घालायची आणि दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळायची. मग हात लावायचा नाही.

तासाभरानं कढई पाहिली. तेल काठापासून आत पांढरं होत गेलं होतं, थंडीत सांगलीला तूप थिजतं तसं. मधोमध अजून एक पिवळा ठिपका ओला होता. तोही मिटला, तेव्हा त्यानं उलथन्यानं कडेकडेनं सोडवलं आणि अख्खी चकती एका तुकड्यात वर उचलली. कढई जवळजवळ कोरडी. खाली भज्यांचे चार काळे कण चिकटलेले. काकूंनी न बोलता जुनं वर्तमानपत्र पुढं केलं, त्यानं चकती त्यात गुंडाळली.

माझी तिसरी चिठ्ठी फ्रिजवर गेली नाही. त्याला दिली, भाषा शिकायला म्हणून. काकूंची परत वहीत ठेवली.

उद्या सोमवार, जळणारा कचरा. पाळी माझी आहे. गजर साडेसातचा लावलाय.