मेथी आणि चवळी

मेथीची पेंडी सोडली की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात सोप्यापासून परड्यापर्यंत तो कडसर वास जातो. निवडायला मी आणि आई. तिच्या हातून पानं पटापट पडतात, माझ्या हातून देठंच जास्त येतात आणि ती ती मुकाट्यानं बाजूला काढते. जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि सोबत कच्ची मेथी. सीमेवर घर मराठी असो की कन्नड, यात वाद नाही. बाकी सगळ्यात आहे.

त्या दिवशी निवडता निवडता मी आईला सांगितलं, की ही मेथी अंतराळात जाऊन आली. 2025 च्या जून-जुलैत आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते. मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोग त्यांनी तिथं केला, आणि तो आखला होता धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आणि तिथल्याच आयआयटीनं. धारवाड म्हणजे आमच्यापासून दीड तास. नात्यातलंच कुणी जाऊन आल्यासारखं मी सांगत होतो.

"मोड आले?"

"आले की."

"मग काय केलं त्यांचं?"

"फ्रीजरात ठेवले."

आईचा हात थांबला. "खाल्ले न्हाईत?"

"तपासायचे होते गं."

"आणि मोड आणायला माणूस कशाला वर जायला पायजे? ओल्या फडक्यात बांधून ठेवलं की येतात की."

मोठमोठे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं याच प्रश्नावर भांडताहेत. आईला उत्तर द्यायचं तर चवळीची गोष्ट सांगावी लागते, आणि ती तिच्याच बाजूची आहे. 30 डिसेंबर 2024 ला इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट उडालं. उपग्रह सोडून झाले की रॉकेटचा शेवटचा टप्पा एरवी कचराच. इस्रोनं तोच फिरता ठेवून त्यावर बारीकसारीक प्रयोग लावले, जेवण झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यावर दुधाचं भांडं ठेवावं तसे. त्यातल्या एका डबीत चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत मोड आले, पुढं पानंही फुटली. आसपास चिटपाखरू नव्हतं.

डबीला भूक लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला घरी परत आणावं लागत नाही. चांद्रयान-3 ला सुमारे 615 कोटी लागले आणि चंद्रावर अख्खं यान उतरलं. शुक्लांच्या एका वारीला सुमारे 550 कोटी. आपल्याच रॉकेटनं माणूस वर नेणाऱ्या गगनयानाचा आकडा, स्वतःच्या अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून, 20,193 कोटींवर गेलाय. आणि सगळा देश मिळून संशोधनावर खर्च करतो ते शंभर रुपयांच्या उत्पन्नातले जेमतेम 64 पैसे.

माणूस गेल्यावर काही मिळत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या माणसांनी चंद्रावरून 382 किलो दगडमाती आणली. सोव्हिएत यंत्रांनी तीन खेपांत मिळून सुमारे 300 ग्रॅम. बाजारात माणूस पाठवला की तो वाकून, उलटून-पालटून, निवडून आणतो. (मला पाठवलं की निवडत नाही, हा घरातला जुना आरोप.) पण आजची यंत्रं म्हणजे तेव्हाची यंत्रं नव्हेत, आणि ते 382 किलो आणायला अमेरिकेनं केवढी तिजोरी उघडली होती!

आमचे अण्णा रोजचा खर्च वहीत लिहीत. किराणा, दूध, फी, औषध. आणि एक रकाना 'किरकोळ'. संगीत नाटकाची तिकिटं त्यात जायची. आईला ते माहीत होतं. तिची तक्रार नाटकाबद्दल कधीच नव्हती. "हौस म्हणून लिवा की," म्हणायची. "किरकोळात काय लपवताय?" अण्णांनी तो रकाना शेवटपर्यंत बदलला नाही.

माझंही माणूस वर पाठवण्याबद्दल एवढंच म्हणणं आहे. हौस आहे, देशाची हौस आहे, करावी. तिला मोल नसतं हेही खरं. पण ती विज्ञानाच्या रकान्यात लिहून, मग त्या रकान्यात एवढा पैसा घातलाच आहे की, असं प्रयोगशाळांना सांगू नये. 1968 मध्ये केरळातल्या थुंबा रॉकेट केंद्रावर बोलताना, आपल्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्या विक्रम साराभाईंनी स्पष्ट म्हटलं होतं, की चंद्रावर जाण्यात किंवा माणूस अंतराळात धाडण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करायचं स्वप्न आपण पाहत नाही. आता त्यांच्याच नावाचा विक्रम, चांद्रयान-3 चा उतरलेला भाग, चंद्रावर उभा आहे. तो मात्र बिनमाणसाचा.

हे सगळं मी आईला सांगितलं. आठ बिया, चार दिवस, उरलेलं रॉकेट, फुकटात पडल्यासारखी चवळी. तिनं ऐकून घेतलं. देठं कागदात गुंडाळली, निवडलेली मेथी ताटात ओढली आणि उठता उठता विचारलं,

"त्या पोराला खाली आल्यावर पोटभर जेवायला घातलं काय रे कुणी?"