क्षितिज रजेवर

समुद्राच्या फोटोतला सगळ्यात आगाऊ घटक म्हणजे क्षितिज. कॅमेरा कुठेही वळवा, ती आडवी रेघ चौकटीचे दोन तुकडे करून मोकळी. जराशी कलली तरी समुद्र एका बाजूने सांडतोय असं वाटतं. वर आकाश किती ठेवायचं नि खाली पाणी किती, या हिशेबातच उजेडाची बरी वेळ निघून जाते. हिरोशी सुगिमोतो या जपानी छायाचित्रकाराने 1980 पासून जगभरचे समुद्र टिपले, तेही क्षितिज बरोबर मध्यावर ठेवून. एवढा निग्रह माझ्याकडे नाही. म्हणून मला धुक्याची पहाट आवडते. त्या दिवशी क्षितिज रजेवर असतं.

जमिनीवरचं धुकं रात्रभर जमीन थंडावली की धरतं आणि ऊन चढलं की विरतं. समुद्रावरचं बहुतेकदा वेगळं असतं: उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून सरकताना ते तयार होतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहावरची हवा लॅब्राडोरच्या गार प्रवाहावर येते, म्हणून तिथलं धुकं जगप्रसिद्ध. असलं धुकं सूर्याला फारसं जुमानत नाही. ते वाऱ्याबरोबर येतं आणि वाऱ्याबरोबर जातं. तेव्हा नुसती सूर्योदयाची वेळ बघून निघण्यात अर्थ नाही, वाराही बघावा.

कॅमेऱ्याला मात्र धुकं मुळीच कळत नाही. समोरचं जग सरासरीने मध्यम करडं असणार, असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर गृहीत धरतं आणि पांढरंशुभ्र धुकं मळकट करून ठेवतं. एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, पाऊण-एक स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) की त्याचा उजळपणा परत येतो. ऑटोफोकस तर पार भांबावतो, लेन्स उगाच पुढेमागे घरघरत राहते. जवळच्या खडकाची कड पकडून द्यावी, नाहीतर हाताने फोकस करावा. (आणि दर दोन मिनिटांनी काच पुसावी. हे कुणी सांगत नाही, पण निम्मा वेळ त्यातच जातो.)

एवढं जमलं की मग खरी मजा. पहिला खडक काळा, त्यामागचा करडा, त्याच्याही मागचा असून नसल्यासारखा. स्वच्छ हवेत तिन्ही एकमेकांना चिकटलेले दिसले असते. अंतर नावाची गोष्ट फोटोत एरवी इतकी उघड दिसत नाही. फक्त काहीतरी गडद जवळ हवं. ते नसेल तर हाती नुसता पांढरा कागद येतो, आणि त्याला कलात्मक म्हणायला मी तयार नाही.

हल्ली संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये धुकं पुसायची एक पट्टी असते. ती थोडी ओढली की उजळ-गडदातला फरक वाढतो, फार ओढली की लांबचे खडक घाणेरडे निळसर होतात. अंधारात उठून धुकं गाठायचं आणि घरी येऊन तेच खरवडून काढायचं, हा काय प्रकार आहे? मी काळे भाग जरा गडद करते आणि फाइल बंद करते.